मदत हवी आहे: व्हायवॅक्सच्या नमुन्यात हिमोग्लोबिनच हिमोग्लोबिन

प्लास्मोडियम व्हायवॅक्स या मलेरियाच्या परजीवीच्या प्रथिनांचं मास स्पेक्ट्रोमेट्रीने विश्लेषण करतेय आणि परजीवी वेगळे करण्यापाशीच अडलेय. नमुने रुग्णांचे आहेत (संमती, एथिक्सची परवानगी आहे), प्रत्येकी 5 मिली रक्त, औषध सुरू होण्याआधीचं. फाल्सिपेरम (मलेरियाचा दुसरा परजीवी) प्रयोगशाळेत सलग वाढवता येतो, तसा व्हायवॅक्स येत नाही, त्यामुळे ‘आधी कल्चर वाढवा’ हा मार्ग बंद आहे.

सेल्युलोजच्या कॉलमने पांढऱ्या पेशी काढल्या, 0.1 टक्के सॅपोनिनने लाल पेशी फोडल्या, थंड पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) धुतलं. प्रोटिएज इनहिबिटर (प्रथिनं तुटू न देणारं रसायन) पहिल्यापासून आहे. पाच वेळा धुऊनही पेलेट (तळाशी बसलेला साका) गुलाबीच. जेलवर 15 किलोडाल्टनजवळ जाड पट्टा (हिमोग्लोबिनचा), आणि पेप्टाइड बघितले तर बहुतेक माणसाच्या लाल पेशींचे: ग्लोबिन, स्पेक्ट्रिन, बँड 3. शोध माणूस आणि व्हायवॅक्स, दोन्हींच्या डेटाबेसवर लावला होता. स्लाइडवर जवळजवळ सगळ्या रिंग (परजीवीची अगदी सुरुवातीची, लहान अवस्था) दिसतात, आणि मला वाटतं खरं दुखणं तेच आहे. एवढ्याशा रिंगमध्ये परजीवीचं प्रथिन असणार तरी किती!

म्हणून पुढचा नमुना एक-दीड दिवस पक्व होऊ देऊन, मग सॅपोनिनआधी परकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या द्रवावर) वेगळा करणार आहे. पक्व परजीवी असलेल्या पेशी वेचणारा चुंबकी कॉलम आमच्याकडे नाही. अडचण अशी की व्हायवॅक्स कोवळ्या लाल पेशींमध्येच शिरतो, आणि लागण न झालेल्या कोवळ्या पेशीही हलक्याच असतात, म्हणजे त्याही वरच्या थरात येणार. नमुने मोजकेच उरलेत, करून बघायला जादा रक्त नाही.

ज्यांनी व्हायवॅक्सवर हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा: परकॉल 45 टक्के ठेवू की 60?