‘पानठेल्यावरची’ गाणी आवडतात, पण गाडीची काच खाली असली की आवाज कमी होतो

महालवासी
नमस्कार. माझे वय ४७ असून मी नागपुरातच वाढलो आणि सध्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. आमच्या महालातल्या घरी आई गाणे शिकलेली होती, मी स्वतः सहा वर्षे तबला शिकलो, आणि नाट्यगीते, भावगीते व पन्नाशीच्या दशकातील हिंदी चित्रपटगीते म्हणजे ‘गाणे’, तर नदीम-श्रवण, कुमार सानू, अल्ताफ राजा हे सारे ‘पानठेल्यावरचे’, अशी घरातली सरळ वाटणी होती. मला मात्र ते पानठेल्यावरचेच मनापासून आवडत असे. अकरावीत असताना तशी एक कॅसेट मी नाट्यगीतांच्या डबीत घालून ठेवली होती आणि ती आईला सापडली, तेव्हा ती रागावली नाही, नुसती हसली. ते हसणे रागावण्यापेक्षा वाईट होते.

आता गाडी माझी आहे, फोन माझा आहे, तरीही व्हरायटी चौकाच्या सिग्नलला काच खाली असली की हात आपोआप आवाज कमी करतो. गेल्या महिन्यात एक सहकारी सोबत असताना गाडीत असेच एक गाणे सुरू झाले आणि मी ‘मुलाने लावले असेल’ असे म्हणालो. मुलगा १४ वर्षांचा आहे. त्याने कुमार सानूचे नावही ऐकले नसावे.

‘आवडते ते ऐकावे’ हे मलाही कळते. शिवाय चारचौघांत ‘गंमत म्हणून’ ही गाणी लावण्याची हल्लीची पद्धत मला नको आहे, कारण मला ती गंमत म्हणून आवडत नाहीत, खरोखर आवडतात. ही लाज नेमकी कशी जाते, हे कुणाला अनुभवाने ठाऊक असल्यास कृपया लिहावे.

जुना रेडिओ
आपल्या घरातल्या वाटणीत जी बाजू ‘चांगली’ ठरली आहे, तिचाच इतिहास आधी पाहावा असे सुचवतो. पन्नाशीतील ज्या चित्रपटगीतांना आज आपण सुवर्णकाळ म्हणतो, ती त्या काळी सरकारदरबारी उथळ मानली जात होती. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर हे शास्त्रीय संगीताचे कैवारी होते आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते काय सुधारले? ते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षअखेरीस तेथे अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिच्या नावाने ओळखली जाऊ लागली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीला श्रोत्यांच्या आवडीकडे यावे लागले. आपल्या आईंच्या आवडीच्या गाण्यांनाही एकेकाळी त्यांच्या वडीलधाऱ्यांनी नाक मुरडले असेल, अशी माझी अटकळ आहे; एकदा विचारून पाहावे.

कुमार सानू यांचे म्हणाल, तर १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षे त्यांना फिल्मफेअर मिळाले होते. म्हणजे ‘फक्त पानठेल्यावर’ हे तेव्हाही खरे नव्हते.

तिरकी मात्रा
मीही तबलाच वाजवतो, म्हणून त्या अंगाने लिहितो. आपण ही गाणी लपवून ऐकली, म्हणजे बहुधा अर्ध्या आवाजात आणि अर्ध्या लक्षाने ऐकली. एकदा दार लावून, हेडफोन घालून, हातात दुसरे काम न घेता एकच गाणे सलग तीनदा ऐकावे आणि आपला कान नेमका कुठे थांबतो ते पाहावे. नव्वदीतल्या त्या गाण्यांमध्ये ढोलक पुष्कळदा साध्या केहरवा तालातच चालतो, पण अंतरा संपवून मुखड्यावर येताना तो जो लहानसा उठाव घेतो, त्यासाठी मी आजही थांबतो.

अल्ताफ राजा यांच्याबद्दल एक गोष्ट बहुतेक नागपूरकरांना सांगावी लागते, याचे मला नवल वाटते: त्यांचा जन्म नागपूरचा आणि त्यांचे आईवडील दोघेही कव्वाल. १९९७ मध्ये ‘तुम तो ठहरे परदेसी’ घरोघरी पोहोचले, तेव्हा त्याला बाजारू म्हणणाऱ्यांनी त्याची बांधणी ऐकली नव्हती. मूळ ओळ सोडून मध्येच दुसरा शेर आणायचा, ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवायचे आणि मग बरोबर त्याच ओळीवर उतरायचे, ही कव्वालीतली गिरह लावण्याची जुनी रीत आहे. आपण सहा वर्षे समेवर येण्याची मजा शिकलात. तीच मजा येथेही आहे.

मानेवाडा
वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु त्यातील युक्तिवाद मला पटत नाही. गिरह आहे, सम आहे, म्हणून गाणे आवडून घेण्यास हरकत नाही असे म्हणणे, म्हणजे परवानगी पुन्हा शास्त्रीय संगीताकडूनच मागणे झाले. उद्या एखाद्या गाण्यात गिरह सापडली नाही, तर त्याचा आवाज पुन्हा कमी करायचा का?

माझ्या वडिलांचा मेडिकल चौकाजवळ पानठेला होता, त्यामुळे या चर्चेचे शीर्षक वाचून क्षणभर थांबले. रेकॉर्ड आणि रेकॉर्ड प्लेअर घेणे आमच्यासारख्यांच्या आवाक्यात कधीच नव्हते. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या, तेव्हा प्रथमच आपल्या पसंतीचे गाणे विकत घेऊन हवे तेव्हा लावणे आमच्या घराला जमले. तीच कॅसेट ऑटोत, सलूनमध्ये आणि ठेल्यावर वाजू लागली आणि रस्त्याने जाणाऱ्यांनी त्या गाण्यांना आमचे नाव दिले. तेव्हा आपल्याला जी लाज वाटते ती चालीची किंवा आवाजाची नसावी. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाने आपल्याला आमच्यापैकी समजू नये, एवढीच ती भीती आहे. हे मी रागाने लिहीत नाही (थोडे रागाने लिहिले आहे). माझे वडील दुपारी गिऱ्हाईक नसताना जुनी नाट्यगीतेसुद्धा ऐकत आणि त्यांची डबी त्यांना कधी लपवावी लागली नाही.

फुटाळा
थोडे थंड पाणी ओततो. त्या काळातील बऱ्याच चाली सीमेपलीकडच्या गाण्यांवरून उचललेल्या होत्या आणि शब्द तर अनेकदा निव्वळ यमकासाठी जोडलेले असत. ते मान्य करूनही मला त्यातली पंचवीसेक गाणी फार आवडतात. आवडते म्हणून ते थोर आहे, असे सिद्ध करण्याचे ओझे मी सोडले, तेव्हापासून मी फुटाळा तलावावर गाडीच्या काचा खाली ठेवून गाणी ऐकतो. शब्द ओशाळवाणे असले की तेवढे गाणे पुढे ढकलतो, कारण तो संकोच खरा असतो आणि तो जपावा असे मला वाटते.

महालवासी
सर्वांचे आभार. मानेवाडा यांचे लिहिणे मी दोनदा वाचले. ‘पानठेल्यावरचे’ हा शब्द मी अवतरणात टाकला आणि तेवढ्याने आपली सुटका झाली असे मानले, ही चूक माझी आहे, क्षमस्व. मूळ शीर्षक मात्र तसेच ठेवतो, नाहीतर त्यांचा प्रतिसाद अधांतरी राहील.

जुना रेडिओ यांच्या सांगण्यावरून आईला विचारले. तिच्या वडिलांना चित्रपटसंगीत घरात चालत नसे; रेडिओ सिलोन ऐकायला ती शेजारी जाऊन बसत असे. कॅसेटच्या डबीची आठवण काढली, तर तिला ती आठवतच नाही.

काल त्याच सहकाऱ्याला घरी सोडताना मी ते गाणे मुद्दाम लावले आणि मागच्या वेळी मुलाचे नाव खोटेच सांगितले होते, हेही कबूल केले. लक्ष्मीनगर येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले की मी दुसऱ्या शेरातला एक शब्द चुकीचा गुणगुणतो आहे, आणि तो शेर त्यांनी पूर्ण म्हणून दाखवला.