‘द ओडिसी’च्या आधी: नोलनला काळीज नाही म्हणणाऱ्यांना उत्तर

तलावपाळीकर

१७ जुलै २०२६ला ख्रिस्तोफर नोलनचा, होमरच्या ग्रीक महाकाव्यावरचा ‘द ओडिसी’ येतोय. त्यावर काल सानपाडा_एक्सप्रेस यांनी लिहिलं की नोलन घड्याळजी आहे, दिग्दर्शक नाही. कोडी घालतो, कान किटवतो, आणि माणूस मात्र त्याच्या सिनेमात सापडत नाही. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते अजिबात पटलेलं नाही, आणि एका ओळीत सांगण्यासारखं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

घड्याळ आहेच, पण ते कुणाच्या मनगटावर बांधलंय ते बघा ना. ‘मेमेन्टो’त रंगीत प्रसंग उलट्या क्रमाने येतात, कृष्णधवल सुलट्या क्रमाने, आणि शेवटी पोलरॉइडचा फोटो उमटत असताना कृष्णधवलात रंग भरतो, तिथे दोन्ही प्रवाह एकमेकांना मिळतात. हे चमत्कृतीसाठी केलेलं नाही. नायक लेनर्डला मघाचं आठवत नाही. गोष्ट सरळ सांगितली असती तर आपल्याला सगळं ठाऊक आणि त्याला काहीच नाही, असं झालं असतं. आपण लांबून त्याची कीव करत बसलो असतो. उलट्या क्रमामुळे प्रत्येक प्रसंगाच्या सुरुवातीला आपणही त्याच्याइतकेच कोरे असतो. समोरचा माणूस मित्र की ठग, हे त्याला कळत नाही तसं आपल्यालाही कळत नाही.

‘डंकर्क’, दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर अडकलेल्या सैनिकांच्या सुटकेचा, तर भावनाशून्य म्हणून सगळ्यात जास्त झोडपला गेला. धक्क्यावर एक आठवडा, समुद्रात एक दिवस, हवेत एक तास, आणि हे तिन्ही १०६ मिनिटांत गुंफलेले. त्यात किलियन मर्फीचा सैनिक बघा. आधी तो दिसतो तो होडीवर थरथरणारा, परत डंकर्कला जायचं नाव काढलं की अंगावर येणारा. सिनेमात बऱ्याच नंतर, पण काळात आधी, तोच माणूस रात्री वल्ह्यांच्या होडीत उभा राहून पाण्यातल्या सैनिकांना शांतपणे सांगतोय की जागा नाही, तरंगत राहा. हा धीराचा अधिकारी आणि ती थरथर यांच्यामध्ये काय घडलं असेल, ते भाषण न देता कळतं. क्रम सरळ ठेवला असता तर हा धक्का बसलाच नसता.

‘इंटरस्टेलर’मध्ये पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. तिथून यानावर परत आलेला बाप, कूपर, २३ वर्षांचे साचलेले निरोप एका बैठकीत पाहतो. मुलगा मोठा होतो, लग्न करतो, बाप होतो, आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा कूपरच्या चेहऱ्यावर येतो. इथे घड्याळ काढून घ्या आणि मला सांगा प्रसंगात काय उरतं.

‘ओडिसी’ तर मुळातच सरळ सांगितलेली गोष्ट नाही. २४ सर्गांपैकी पहिल्या चारांत नायक समोर येतच नाही, बापाला शोधणारा टेलिमेकस असतो. ओडिसियस प्रत्यक्ष भेटतो पाचव्यात. एकाक्ष राक्षस, चेटकीण सर्सी, गाण्याने भुलवणाऱ्या सायरन ही सगळी प्रसिद्ध साहसं तो नवव्या ते बाराव्या सर्गात स्वतःच्या तोंडाने यजमानांना ऐकवतो, तीही ती घडून गेल्यावर कितीतरी वर्षांनी. नोलनला इथे काही उलटंसुलटं करावं लागणार नाही, होमरने ते आधीच करून ठेवलंय. याहून जास्त त्याच्या स्वभावाची गोष्ट मिळणं अवघड होतं.

सानपाडा_एक्सप्रेस

‘मेमेन्टो’ मान्य. निरोपांचा प्रसंगही मान्य. पण तुम्ही वेचून काढलेले दाणे दाखवताय, पोतं नाही.

‘टेनेट’बद्दल का नाही बोललात? कॅट मुलासाठी जिवावर उदार होते, पण तो मुलगा पडद्यावर किती वेळ आहे आणि त्याच्या तोंडी किती वाक्यं आहेत ते मोजा. आईची माया आपण तिच्या सांगण्यावरून मान्य करायची. ‘इन्सेप्शन’मध्ये अर्धा वेळ अरिअ‍ॅडनी प्रश्न विचारते आणि बाकीचे नियम समजावतात: स्वप्नाच्या पहिल्या थरात आठवडा, दुसऱ्यात सहा महिने, तिसऱ्यात दहा वर्षं. नियमपुस्तिका वाचून दाखवणं म्हणजे पटकथा नव्हे.

आणि ऐकू येत नाही हे तर धडधडीत सत्य आहे. ‘इंटरस्टेलर’मध्ये म्हातारे प्रोफेसर ब्रँड मरताना कथेतलं सगळ्यात मोठं खोटं कबूल करतात, आणि ते संगीतात आणि पुटपुटण्यात हरवतं. ज्याला माणसांची काळजी आहे तो त्यांचे शेवटचे शब्द ऐकू देतो.

कोपरीची_वाचक

दोघेही एक गोष्ट टाळताय. नोलनच्या नायकांच्या बायका मेलेल्या तरी असतात, नाही तर सिनेमात मरतात. ‘मेमेन्टो’त बायको. ‘द प्रेस्टीज’मध्ये एकाची बुडून, दुसऱ्याची गळफास घेऊन. ‘इन्सेप्शन’मध्ये नायकाची बायको मॉल. कूपरची बायको गोष्ट सुरू व्हायच्या आधीच गेलेली. त्यांचं काम एकच, नायकाला दुःख पुरवणं.

आता हा माणूस ओडिसियसच्या बायकोकडे, पेनेलोपीकडे आलाय. ती जिवंत आहे, वीस वर्षं घर राखतेय, मागणी घालणाऱ्यांना तीन वर्षं फसवतेय: दिवसा विणायचं, रात्री उसवायचं. तेविसाव्या सर्गात तर तीच नवऱ्याची परीक्षा घेते. दासीला म्हणते, पलंग बाहेर आणून टाक. तो पलंग हलूच शकत नाही, कारण त्याचा एक पाया म्हणजे जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या झाडाचं खोड आहे, आणि हे गुपित नवऱ्यालाच ठाऊक असणार. ओडिसियस भडकतो आणि तिथेच त्याची ओळख पटते. वीस वर्षांत जगाला गंडवणाऱ्याला त्याची बायको एका वाक्यात पकडते. हा प्रसंग नोलनने तिच्या बाजूने उभा केला तर मी तलावपाळीकरांचं सगळं मान्य करेन. नुसती खिडकीशी उभी राहणारी बायको दिसली तर नाही.

तलावपाळीकर

कूपरच्या मुलीला, मर्फला विसरलात. ‘इंटरस्टेलर’चं गणित शेवटी तीच सोडवते. बायकांच्या बाबतीत मात्र यादी तुमचीच बरोबर आहे, तिला माझ्याकडे उत्तर नाही.

घणसोली_७०

सगळे कथेवर भांडताय, पण हा सिनेमा आहे. ‘ओडिसी’ हा पूर्णपणे आयमॅक्स (प्रचंड पडद्यासाठीच्या मोठ्या आकाराच्या) फिल्म कॅमेऱ्यावर चित्रित झालेला पहिला कथापट आहे. याआधी ते का जमत नव्हतं? ६५ मिलिमीटर फिल्म आडवी धावते, एका चौकटीला १५ छिद्रं, सेकंदाला सुमारे १.७ मीटर. हजार फुटांचं रीळ तीन मिनिटांत संपतं. वर कॅमेरा इतका खडखडतो की जवळून बोलण्याचा प्रसंग घेणं कठीण. म्हणून ‘डंकर्क’मध्ये आणि ‘ओपनहायमर’मध्येही बोलण्याचे बरेच प्रसंग दुसऱ्या, शांत ६५ मिलिमीटर कॅमेऱ्यावर घेतलेत. या वेळी कॅमेरा आवाज अडवणाऱ्या आवरणात बसवलाय. सानपाडावाल्यांच्या तक्रारीचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

पण बघणार कुठे? ‘ओपनहायमर’ आयमॅक्स फिल्मच्या प्रिंटवर जगात ३० पडद्यांवर लागला, त्यात भारतातला एकही नव्हता. तीन तासांच्या त्या प्रिंटची लांबी सुमारे १८ किलोमीटर. मूळ चौकट १.४३ ची, म्हणजे रुंदी उंचीच्या १.४३ पट. आपल्याकडच्या नेहमीच्या डिजिटल आयमॅक्सवर ती १.९० होते, म्हणजे उंचीचा पाव भाग गेला. साध्या मल्टिप्लेक्सच्या आणखी आडव्या चौकटीत त्याहूनही जास्त गेला. वाशी-ठाण्यात तिकीट काढून जो नोलनबद्दल निकाल देतो, त्याने चित्र पूर्ण पाहिलेलंच नाही.

सानपाडा_एक्सप्रेस

हा उद्धटपणा आहे. प्रागला किंवा मेलबर्नला जाऊन आल्याशिवाय मत द्यायचं नाही का? जो सिनेमा ३० पडद्यांवरच पूर्ण होतो तो बाकी जगासाठी अपुरा बनवलाय, ही टीका दिग्दर्शकावरच येते.

घणसोली_७०

अपुरा नाही. छायालेखक होइटे व्हान होइटेमा चौकट मांडतानाच सगळ्या आकारांचा विचार करतो. महत्त्वाचं मध्यावर राहतं, कापलं जातं ते आभाळ आणि जमीन. गोष्ट शाबूत राहते. पण समुद्रात एकटं पडलेल्या माणसाच्या गोष्टीत आभाळ म्हणजे सजावट नव्हे, एवढंच माझं म्हणणं. मत देऊ नका असं लिहायला नको होतं, ते मागे घेतो.

बूथवाला

आवाजाबद्दल चुकीचं बोललं जातंय म्हणून लिहितो. थिएटरचा आवाज सांभाळणाऱ्या डॉल्बीच्या प्रोसेसरवर फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची कळ, ७ वर असणं ही संदर्भपातळी. पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरमधून पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खरखराट) सोडून पडद्यापासून दोन-तृतीयांश अंतरावर मोजला की ८५ डेसिबल आला पाहिजे. ४ च्या वर एकेका आकड्याला ३.३ डेसिबल. मल्टिप्लेक्समध्ये फेडर सर्रास ५ वर असतो, म्हणजे साडेसहा डेसिबल खाली. कारण काय, तर जाहिराती कर्कश असतात, लोक ओरडतात, फेडर खाली येतो आणि सिनेमा सुरू झाला तरी कुणी तो वर करत नाही. शिवाय शेजारच्या ऑडीत आवाज झिरपतो. मिक्सिंग ७ वर ऐकून केलेलं असतं. ऐकू येत नाही याचा दोष आधी थिएटरचा.

सानपाडा_एक्सप्रेस

हे गणित चुकतंय. फेडर खाली केला की संवाद आणि संगीत दोन्ही सारखेच खाली येतात. त्यांचं आपसातलं प्रमाण तेच राहतं. ‘इंटरस्टेलर’मध्ये ऑर्गनच्या संगीताखाली शब्द गाडले गेले असतील तर ते ७ वरही गाडलेलेच असणार. २०१४ मध्ये टीका झाल्यावर नोलनने स्वतःच सांगितलं होतं की ते जाणूनबुजून केलंय.

बूथवाला

संगीताखाली दबलेल्या शब्दांपुरतं तुमचं बरोबर आहे, हे मान्य करावं लागेल. पण हॉलमध्ये तिसरा आवाज असतो, एसीचा आणि लोकांचा. तो फेडरने कमी होत नाही. हळू आवाजातली वाक्यं साडेसहा डेसिबल खाली आली की एसीच्या घरघरीत बुडतात. नोलन संवाद शक्यतो सेटवरचेच ठेवतो, स्टुडिओत पुन्हा म्हणवून घेत नाही, त्यामुळे त्याच्याकडे पुटपुटणं जास्त. ‘ओपनहायमर’मधल्या ट्रिनिटी या अणुबाँबच्या चाचणीत स्फोट दिसतो आणि आवाज कितीतरी उशिरा येतो. ती शांतता नीट जुळवलेल्या हॉलमध्ये छातीत धडकी भरवते, बाकी ठिकाणी एसी ऐकू येतो.

दुसरं कारण मधला स्पीकर. संवाद जवळजवळ सगळा त्यातून येतो. त्याचा वरच्या पट्टीचा ड्रायव्हर गेलेला असला किंवा पडद्याची भोकं धुळीने बुजलेली असली, की स, श, त, क ही व्यंजनं जातात आणि सगळेच घशातून बोलल्यासारखे वाटतात. ओळखायचं कसं? इतर सिनेमांच्या ट्रेलरमधलं बोलणंही कोंदट वाटलं तर दोष हॉलचा. ट्रेलर स्वच्छ आणि नोलनच पुटपुटतोय, तर दोष नोलनचा.

बेलापूर_लोकल

आवाजाचं सोडा हो, मध्यंतराचं कोण बोलणार? १०६ मिनिटांच्या सिनेमालाही मध्यंतर पाडतात! ‘डंकर्क’चं संगीत सतत चढत जाणारं. शेपर्ड टोन वापरलाय: स्वर संपल्यासारखा वाटत नाही, वरच वर जातोय असा भास. तो भास मध्ये तोडून पॉपकॉर्न विकायचा. प्रोजेक्टरच्या प्लेलिस्टमध्ये मध्यंतराची एक खूण, क्यू, टाकतात, त्या सेकंदाला चित्र जातं, दिवे लागतात, मग वाक्य अर्धं असो की पूर्ण. परत आल्यावर पुन्हा जाहिराती. आणि ‘ओपनहायमर’सारख्या सिनेमात सिगारेट पेटली की खाली तंबाखूची सूचना. तीन तास तो माणूस सिगारेट ओढतो!

तलावपाळीकर

मूळ मुद्दा बाजूला पडतोय.

बेलापूर_लोकल

मूळ मुद्दा हाच आहे. नोलन काळाची वीण घालतो म्हणून तुम्ही त्याला डोक्यावर घेता, आणि ती वीण मध्येच कात्रीने कापली जाते त्यावर चकार शब्द नाही. हिंदी सिनेमा मध्यंतर धरून लिहिला जातो, कलाटणी तिथे ठेवलेली असते. याच्या पटकथेत ती जागाच नाही. मग मध्यंतर पाडणारा तरी विचार करून का पाडत नाही? प्रसंग संपतो, स्थळ बदलतं, अशा जागा दर पाच-दहा मिनिटांनी असतात.

बूथवाला

क्यूची जागा कधी वितरकाकडून येते, नाही तर थिएटरच ठरवतं. बदलायला दोन मिनिटं लागतात. घाईत तेवढंही कुणी करत नाही, हे खरं आहे.

कोपरीची_वाचक

म्हणजे पेनेलोपी दासीला पलंग बाहेर काढायला सांगणार आणि ते वाक्य तरी आपल्याला ऐकू येणार का, इथवर आलो आपण. तो प्रसंग बोलण्यावरच उभा आहे.

बूथवाला

त्यासाठी आयमॅक्सच घ्या, चित्रासाठी नसलं तरी आवाजासाठी. तिथली व्यवस्था रोज हॉलमधल्या मायक्रोफोनने आपोआप तपासली जाते. जागा मधोमध, पडद्यापासून दोन-तृतीयांशावर. अगदी शेवटची रांग नको, भिंतीला आपटून खालच्या पट्टीचा आवाज तिथे साचतो. साध्या हॉलमध्ये गेलात तर पहिल्या दहा मिनिटांतच बाहेर जाऊन सांगा, आणि नुसतं ‘आवाज वाढवा’ म्हणू नका. ‘फेडर किती आहे?’ असं विचारा. आकडा विचारला की माणूस बूथमध्ये जाऊन बघतो.

सानपाडा_एक्सप्रेस

आकडा विचारीन. ६ च्या वर फेडर असून, ट्रेलर स्वच्छ असून पलंगाचं वाक्य ऐकू आलं नाही, तर याच धाग्यात परत येईन. आणि आलं, तर घड्याळजी हा शब्द मागे घेईन. ‘टेनेट’बद्दलचं मात्र तसंच राहील.

तलावपाळीकर

‘टेनेट’बद्दल मीही तुमच्याशी भांडणार नाही.