मदत हवी आहे : पॅराक्वाटचा निळा रंग मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी. नागपुरात एमएस्सी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टचा विषय मीच मागून घेतला: पॅराक्वाटचा रॅडिकल (एक जादा इलेक्ट्रॉन मिळालेलं, सुटा इलेक्ट्रॉन असलेलं रूप) आणि ऑक्सिजन यांच्या अभिक्रियेचा वेग. आमच्या कपाशीत तणावर हेच औषध फवारतात, म्हणून हा विषय जवळचा.

ऑक्सिजन घालवण्यासाठी नायट्रोजन सोडलेल्या पाण्यात पॅराक्वाट घेऊन सोडियम डायथायोनाइट (इलेक्ट्रॉन देणारं रसायन) टाकलं की रॅडिकलचा गडद निळा रंग येतो. ६०० नॅनोमीटरच्या आसपास छान शोषण मिळतं. झाकण उघडलं की आधी वरचा थर रंगहीन होतो, हलवलं की सगळाच रंग जातो. रॅडिकल ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतो, सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं पेशींना घातक रूप) तयार होतो. पानात आणि माणसाच्या फुफ्फुसात हेच चक्र घात करतं.

अडचण वेगाची आहे. पुस्तकी वेगस्थिरांक ७५ ते ८० कोटी प्रति मोलर प्रति सेकंद. हवेशी समतोल असलेल्या पाण्यात ऑक्सिजन साधारण ०.२५ मिलिमोलर, म्हणजे रॅडिकलचं अर्धायुष्य ३-४ मायक्रोसेकंद! स्टॉप्ड-फ्लोमध्ये (दोन द्रावणं झटकन मिसळून लगेच शोषण मोजणारं उपकरण) मिसळायलाच एखादा मिलिसेकंद जातो. ऑक्सिजन १ मायक्रोमोलरवर आणला तर अर्धायुष्य मिलिसेकंदाच्या घरात येतं, पण उरलेलं डायथायोनाइट रॅडिकल पुन्हा तयार करतं आणि आलेख बिघडतो.

डायथायोनाइटऐवजी ईडीटीए (इथे इलेक्ट्रॉन देणारं रसायन) घालून प्रकाशाने क्षपण, म्हणजे पॅराक्वाटला इलेक्ट्रॉन देणं, कुणी केलंय का? नागपुरात लेझर फ्लॅश फोटोलिसिसची (लेझरच्या क्षणिक झोताने रॅडिकल बनवून लगेच मोजण्याची) सोय कुठे आहे? भाभा अणुसंशोधन केंद्रात पल्स रेडिओलिसिस (तेच काम वेगवान इलेक्ट्रॉनांच्या झोताने) होतं, तिथे विद्यार्थ्याने अर्ज कसा करायचा? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.