1803 च्या सुमारास अमेरिकन कॉन्सुलचं कप्तान का ऐकत?

जयगडकर
रत्नागिरीत बंदरांच्या इतिहासावर छोटं प्रदर्शन लावतोय. त्यात परदेशी बंदरांतल्या सुरुवातीच्या अमेरिकन कॉन्सुलवर, म्हणजे अमेरिकन सरकारने तिथे नेमलेल्या प्रतिनिधीवर, एक फलक आहे. या माणसाला ना पगार, ना शिपाई. मग कप्तान त्याला जुमानत कसा? आणि खलाशांना परक्या बंदरात उतरवलं तर?

दाभोळखाडी
जुमानत, कारण जहाजाचे कागद कॉन्सुलच्या ताब्यात असत. 28 फेब्रुवारी 1803 च्या कायद्याने अमेरिकन जहाजाच्या कप्तानाला बंदरात आल्यावर रजिस्टर (जहाजाच्या नोंदणीचा दाखला), सी-लेटर (जहाज अमेरिकन मालकीचं असल्याचं पत्र) आणि भूमध्य समुद्राचा पास (तिथल्या चाच्यांपासून संरक्षणाचा परवाना) त्याच्याकडे जमा करावे लागत. टाळाटाळ केली तर 500 डॉलर दंड. बंदराची निघायची परवानगी दाखवली की कागद परत, पण कायद्यातली बाकीची कलमं पाळली असतील तरच.

त्यातलं खलाशांचं कलम फलकावर घ्याच. परदेशात जहाज विकून माणसं उतरवली, किंवा अमेरिकन खलाशाला त्याच्या संमतीने सोडलं, तर चढलेल्या पगाराशिवाय आणखी 3 महिन्यांचा पगार कॉन्सुलकडे भरायचा. समजा पगार महिना 15 डॉलर, तर 45 भरायचे. त्यातले 30 खलाशाला, तेही मायदेशी जाणाऱ्या जहाजावर लागल्यावर. उरलेले 15 अडकून पडलेल्या खलाशांच्या फंडात.

वेंगुर्लेकर
खरी गोम लॉगबुकात, म्हणजे जहाजाच्या रोजनोंदवहीत आहे. ते 3 महिने वाचवायचे तर कप्तानाला सोपी पळवाट होती: 'पळाला' असं लिहून मोकळं व्हायचं. पण 1790 च्या कायद्याप्रमाणे न सांगता गेलेल्याची नोंद नावानिशी त्याच दिवशी व्हायला हवी. 48 तासांत परतला तर गैरहजेरीच्या दर दिवसामागे 3 दिवसांचा पगार कापायचा, त्यापुढे सगळाच जप्त. लॉगबुकाचं पान दाखवणार असाल तर नोंद त्याच तारखेखाली आहे की मागाहून दोन ओळींत कोंबलीय, ते आधी बघा. मायदेशी पोचल्यावरही प्रश्न होताच. यादीतले खलाशी परत हजर करायचे म्हणून कप्तानाचा 400 डॉलरचा जामीन असे. परदेशात सोडलेल्या माणसासाठी कॉन्सुलची सही-शिक्क्याची संमती दाखवावी लागे.

अडकलेल्यांना घरी धाडायचं तर कॉन्सुल जहाजाच्या 100 टनांमागे 2 माणसं चढवू शके. म्हणजे 300 टनी जहाजावर 6. भाडं माणशी जास्तीत जास्त 10 डॉलर, नकार दिला तर माणशी 100 डॉलर दंड. आपल्याकडच्या बोटीवर जाणाऱ्यांना हा भाग लगेच कळेल, त्यामुळे आकडे ठळक छापा.

जयगडकर
आभार. आपल्या देशातलं उदाहरण देता येईल का? आणि कॉन्सुलचं पोट कशावर चाले?

दाभोळखाडी
बेंजामिन जॉय. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने 1792 मध्ये त्याला कलकत्त्यासाठी नेमलं, तो पोचला 1794 मध्ये. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला कॉन्सुल म्हणून मान्यता दिलीच नाही, फक्त व्यापारी एजंट म्हणून राहू दिलं. फलकावर ही गोष्ट स्पष्ट लिहा, नुसतं 'कॉन्सुल' लिहिलं तर चूक होईल.

पोट स्वतःच्या व्यापारावर. 1792 च्या कायद्यात वादळात नुकसान झाल्याच्या जबानीसारख्या कागदावर शिक्का मारायचे 2 डॉलर मिळत, मयताची मालमत्ता सांभाळून विकली तर 5 टक्के. एवढ्यात घर चालत नसे. म्हणजे जो माणूस इतर कप्तानांचे कागद हाताळी, तोच त्याच बंदरात त्यांच्याशी स्पर्धा करी. माझ्या मते त्या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा दोष हाच. 1856 च्या कायद्याने बऱ्याच जागांना पगार लावून तिथल्या कॉन्सुलना व्यापाराची बंदी केली.