पालो आल्टो: शेजारचा लीफ ब्लोअर आणि आमच्या मुलाचा ड्रोन, यांबाबत शहराचे नियम नेमके काय आहेत?

तुळशीवृंदावन (प्रश्न)

नमस्कार. आम्ही सहा वर्षांपासून कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये राहतो. शेजाऱ्यांशी आजवर एकदाही कुरबूर झाली नव्हती, पण गेल्या पंधरवड्यात दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या आणि आता कुंपणाच्या दोन्ही बाजूंना अवघडलेपण आले आहे. माहीतगार मंडळींनी मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे.

शेजारच्या घरी दर मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास माळीकाम करणारे गृहस्थ येतात आणि पाठीवर अडकवलेल्या, पेट्रोलवर चालणाऱ्या ब्लोअरने पाऊण तास पालापाचोळा उडवतात. सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत आणि त्यांना दम्याचा त्रास आहे. मागच्या मंगळवारी त्यांनी मागील अंगणात जुन्या सुती साडीवर कुरडया घातल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवून काढलेला आणि पहाटे उठून शिजवलेला तो चीक होता. कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटींतून धुळीचा असा लोट आला की ओल्या कुरडयांच्या एकेका वेढ्यात माती आणि गवताच्या काड्या रुतून बसल्या. सगळे वाळवण टाकून द्यावे लागले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुपारपर्यंत त्यांना दोनदा पंप घ्यावा लागला.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट घडली. आमच्या बारा वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला २४९ ग्रॅमचा ड्रोन मिळाला आहे आणि तो आमच्याच अंगणातून उडवत होता. शेजारी कुंपणापाशी आले आणि म्हणाले की, त्यांच्या मुली अंगणातल्या पोहण्याच्या तलावात असताना वर कॅमेरा फिरतो हे त्यांना अजिबात मान्य नाही. पुन्हा दिसला तर पाण्याच्या नळीने खाली पाडीन आणि शहराकडे तक्रारही करीन. त्यांच्या जागी मी असते तर मलाही राग आला असता, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. आता ब्लोअरविषयी बोलायला गेले तर ते सूडासारखे दिसेल, असे वाटते.

पेट्रोलचा ब्लोअर येथे चालतो का आणि किती वाजल्यापासून? ड्रोनबाबत शहराचा काही नियम आहे का, की तो विषय सर्वस्वी केंद्र सरकारचा आहे? आणि तक्रार करायचीच झाली तर ती कोणाकडे करावी?

आकाशवाट

मी ड्रोनपुरते लिहितो, कारण माझ्याकडे व्यावसायिक उड्डाणाचा परवाना आहे आणि मुलांच्या ड्रोनवरून होणारे वाद मी बरेच पाहिले आहेत.

अमेरिकेत आकाशावर अधिकार केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाचा, म्हणजे एफएएचा आहे. ड्रोन किती उंचीवर, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या हवाई क्षेत्रात उडावा, हे शहर ठरवू शकत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटन शहराने २०१६ च्या अखेरीस तसा प्रयत्न केला होता. प्रत्येक ड्रोनची शहराकडे नोंदणी करावी, आणि खासगी जागेवर ४०० फुटांच्या खाली मालकाच्या परवानगीशिवाय उडवू नये, अशी कलमे त्यांनी घातली. तिथल्याच एका डॉक्टर रहिवाशाने त्यांना आव्हान दिले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्रीय न्यायालयाने ती कलमे रद्द ठरवली. कारण सरळ होते: एफएए ड्रोनला ४०० फुटांच्या खालीच उडायला सांगते आणि शहर त्याच पट्ट्यात मज्जाव करते, तर उडायला जागाच उरत नाही.

याचा अर्थ शहराच्या हाती काहीच नाही, असा मात्र नव्हे. शहर किंवा उद्यानांची संस्था आपल्या मालकीच्या जमिनीवरून ड्रोन उडवण्या-उतरवण्यास बंदी घालू शकते. ईस्ट बे रीजनल पार्क्सच्या उद्यानांत ड्रोनला मनाई आहे आणि मिडपेनिन्सुला या मोकळ्या जागा जपणाऱ्या संस्थेच्या टेकड्यांवरही, म्हणजे आपली मंडळी रविवारी चढायला जातात त्या रँचो सॅन अँटोनिओमध्येसुद्धा आहे. खासगीपणाचे आणि अतिक्रमणाचे कायदेही राज्याच्या आणि शहराच्याच हातात राहतात.

आता तुमच्या चिरंजीवांविषयी. ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा हलका आहे आणि निव्वळ छंद म्हणून उडवला जातो, म्हणून नोंदणीची गरज नाही. पण ‘ट्रस्ट’ नावाची ऑनलाइन चाचणी छंदासाठी उडवणाऱ्या प्रत्येकाला द्यावीच लागते. ती विनामूल्य आहे. तिचे प्रमाणपत्र छापून ड्रोनच्या पेटीत ठेवावे, कारण हरवले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. ड्रोन नेहमी स्वतःच्या नजरेच्या टप्प्यात हवा. शिवाय पालो आल्टोला स्वतःचा विमानतळ आहे आणि शेजारी मॉफेट फील्ड हा दुसरा विमानतळ आहे, त्यामुळे तुमचा पत्ता नियंत्रित हवाई क्षेत्रात येतो का, हे नकाशावर आधी पाहावे. येत असेल तर ‘लान्स’ प्रणालीतून परवानगी घ्यावी लागते. फोनवरून ती बहुधा क्षणात मिळते. ड्रोन हलका आहे म्हणून ही अट सुटत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट बहुतेक पालकांना माहीत नसते.

शेजाऱ्यांच्या आक्षेपाला मात्र कायद्याचा आधार आहे. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये खासगीपणाच्या कायद्यात दुरुस्ती केली. त्यानुसार दुसऱ्याच्या जमिनीवरील हवेत परवानगीशिवाय शिरून तेथील खासगी, कौटुंबिक क्षण टिपणे किंवा टिपण्याचा प्रयत्न करणे, हा दाव्याचा विषय होऊ शकतो. पोहणाऱ्या मुलींवर कॅमेरा धरणे हे त्याचे अगदी ठळक उदाहरण ठरेल, मग मुलाचा हेतू कितीही निर्मळ असो. उलट, नळीने ड्रोन पाडण्याचा अधिकार शेजाऱ्यांनाही नाही. कायद्याच्या दृष्टीने ड्रोन हे विमान आहे आणि ते जाणूनबुजून पाडणे हा केंद्रीय गुन्हा ठरू शकतो. पण हे वाक्य कुंपणापाशी उच्चारू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

वडाची सावली

ताई, कुरडयांचे वाचून फार वाईट वाटले. ब्लोअरबाबत तुमची बाजू पूर्णपणे नियमाला धरून आहे.

पालो आल्टोत निवासी भागात पेट्रोलच्या लीफ ब्लोअरला २००५ पासून बंदी आहे. विजेवर चालणारा ब्लोअर चालतो, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ ते सायंकाळी ५ आणि शनिवारी सकाळी १० ते दुपारी ४ एवढ्याच वेळात. रविवारी आणि सुटीच्या दिवशी मुळीच नाही. म्हणजे तुमच्या शेजारी यंत्रही चुकीचे आहे आणि वेळही चुकीची आहे.

येथे लोकांचा एक घोटाळा नेहमी होतो, तो आधीच दूर करते. ‘कॅलिफोर्नियाने २०२४ पासून गॅस (म्हणजे पेट्रोलचे) ब्लोअर बंद केले’ असे सर्रास म्हटले जाते. राज्याने घातलेली मर्यादा नव्या यंत्रांच्या उत्पादनावर आहे. २०२१ मध्ये झालेल्या कायद्याला अनुसरून, २०२४ पासून बनणारी या प्रकारची नवी छोटी इंजिने धूरमुक्त असावी लागतात. ज्याच्याकडे जुना ब्लोअर आहे, त्याला तो वापरू नको असे राज्य म्हणत नाही. वापरावरची बंदी शहराची असते आणि म्हणूनच ती गावागणिक बदलते. कार्मेलने १९७५ मध्येच ब्लोअर बंद केले, लॉस अल्टोसने १९९१ मध्ये पेट्रोलचे बंद केले, आणि काही गावांत आजही केवळ वेळेचे बंधन आहे. तक्रार करताना राज्याच्या कायद्याचा हवाला दिलात तर समोरचा माणूस ‘हा जुनाच आहे’ म्हणून मोकळा होईल. शहराच्या नियमाचा हवाला द्या.

या यंत्रांबद्दल मला इतके तळमळीने लिहावेसे वाटते, त्याला कारण आहे. माझ्या धाकट्यालाही दमा आहे. या ब्लोअरमध्ये बहुधा टू-स्ट्रोक इंजिन असते. त्यात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते आणि त्या मिश्रणाचा बराचसा भाग न जळताच धुरावाटे बाहेर पडतो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी असेल तर जुन्या स्कूटरसारखा तो वास लगेच ओळखू येतो. राज्याच्या हवा मंडळाने दिलेली तुलना अशी आहे की, असा व्यावसायिक ब्लोअर एक तास चालवल्याने धुरके निर्माण करणारे जेवढे प्रदूषण होते, तेवढे २०१६ ची टोयोटा कॅमरी सुमारे १,१०० मैल चालवल्यावर होते. लॉस एंजेलिसपासून डेन्व्हरपर्यंतचे ते अंतर आहे. आवाजाचेही तसेच आहे. पेट्रोलच्या इंजिनाची खर्जातली घरघर खिडक्या बंद केल्या तरी भिंतीतून आत येते.

तक्रार शहराच्या ३११ ॲपवर करता येते. तारीख, वेळ आणि यंत्राचा प्रकार लिहावा. माणसाच्या चेहऱ्याचे छायाचित्र मात्र घालू नये.

हिरवळ

वरील दोन्ही उत्तरे पटली. फक्त तक्रार नोंदवण्यापूर्वी एक विचार करावा, असे सुचवतो.

नियम मोडणारे यंत्र माळ्याच्या पाठीवर असते, त्यामुळे पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो; घरमालक तेव्हा बहुधा कामावर गेलेले असतात. १९९८ मध्ये लॉस एंजेलिसने घरांपासून ५०० फुटांच्या आत पेट्रोलचे ब्लोअर बंद केले, तेव्हा तिथल्या माळ्यांनी सिटी हॉलसमोर उपोषण केले होते. त्यांत बहुतेक जण लॅटिन अमेरिकेतून आलेले आणि दर घरामागे ठरलेल्या पैशांवर काम करणारे होते. बंदी टिकली, पण त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. दिवसाला आठ-दहा घरे करणाऱ्याला एक बॅटरी पुरत नाही, तीन-चार लागतात, आणि त्यांचा खर्च त्याच्याच खिशातून जातो. राज्याने २०२१ मध्ये या बदलासाठी ३ कोटी डॉलर बाजूला काढले, त्यामागे हेच कारण होते.

म्हणून बोलणे घरमालकांशी व्हावे. आमच्या गल्लीत आम्ही चार घरांनी मिळून एक विजेचा ब्लोअर आणि दोन बॅटऱ्या घेतल्या, त्या गॅरेजमध्ये ठेवल्या आणि माळीकाका आले की त्यांना देतो. पहिल्या दिवशी त्यांनी शंकेने तो हातात तोलून पाहिला. ओली पाने हलत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते खरेही होते. मग ओल्या पानांना दाताळे आणि कोरड्यांना ब्लोअर, असे त्यांनीच ठरवले. हिरवळीवरची पाने तर आम्ही आता उडवतच नाही, गवत कापण्याच्या यंत्रानेच बारीक करून तिथे राहू देतो.

तुळशीवृंदावन

सर्वांचे मनापासून आभार. मुलाने काल ‘ट्रस्ट’ चाचणी दिली. नकाशावर पाहिले तर आमचे घर खरोखरच नियंत्रित क्षेत्रात निघाले, म्हणजे वाढदिवसापासूनची सगळी उड्डाणे परवानगीशिवायच झाली होती. हे मला मुळीच ठाऊक नव्हते आणि त्याची जबाबदारी मुलाची नव्हे, माझी आहे.

शनिवारी सायंकाळी आम्ही दोघे मुलाला घेऊन शेजाऱ्यांकडे गेलो. मुलाने आधी माफी मागितली आणि वाढदिवसापासूनचे सगळे चित्रण त्यांच्यासमोर उघडून दाखवले. त्यांच्या अंगणाचे दोन तुकडे निघाले, ते त्याने तिथेच पुसले. त्यानंतरच मी ब्लोअरचा विषय काढला. पेट्रोलच्या ब्लोअरला बंदी आहे, हे त्यांना माहीत नव्हते. घर घेतले तेव्हापासून तेच माळी येतात, म्हणाले. मी ३११ वर काहीही नोंदवलेले नाही. विजेचा ब्लोअर दोन्ही घरांनी मिळून घ्यायचे ठरले आहे आणि तोवर मंगळवारचे काम नऊनंतर, फक्त दाताळे आणि झाडूने होईल.

हिरवळ यांना एक विचारायचे आहे: तुम्ही घेतलेल्या बॅटरीवर सलग किती मिनिटे काम होते? आमच्या दोन्ही अंगणांत मिळून लिक्विडअंबरची पाच मोठी झाडे आहेत आणि नोव्हेंबरात पानांचा अक्षरशः घोट्यापर्यंत येईल एवढा थर साचतो.