कापडी टोकांचा ट्रेलर घ्यावा का?

प्रेषक: कॅलगरी (मूळ दर्यापूर)

नमस्कार मंडळी, प्रश्न खरं तर वरूडच्या काकांना आहे पण सगळ्यांनाच टाकतोय. काका, तुम्ही गावाला गेलात आणि तुमचा गाडीमागे ओढायचा कॅम्पिंगचा हायब्रिड ट्रेलर इथे यार्डात उभाच आहे असं कळलं, विकायचा आहे का? दोन उन्हाळे आम्ही टेंटमध्ये काढले, आता मे महिन्यात आई-बाबा येताहेत आणि बाबांचे गुडघे जमिनीवर झोपायला साफ नाही म्हणतात. सहा जण झोपतील असा पूर्ण कडक भिंतींचा ट्रेलर घ्यायचा तर तो लांब नि जड होतो, माझ्या टोयोटा हायलँडर गाडीला झेपणार नाही. म्हणून हा मधला प्रकार बरा वाटतोय, डबा पक्का आणि दोन्ही टोकांना पलंग बाहेर उघडतात, वर कॅनव्हास. यूट्यूबवर लोक एकतर त्याची आरती ओवाळतात नाहीतर शिव्या घालतात. ज्यांनी वापरलाय त्यांनी सांगा.

प्रेषक: काका, मुक्काम वरूड तालुका

बाबू, विकायचा तर आहे. म्हणूनच खरं सांगतो, नंतर मंडळाच्या गणपतीत तुला पाहून खांबामागं लपा लागेल असं काही करत नाही.

वावरातून टाइप करून राहिलो, नेट या कडुनिंबाखालीच येते. तूर उभी आहे, डुकरं आणि रोही रात्री सोडत नाहीत म्हणून परवा भाच्यासंगं जागलीला गेलो. खोपडीवर ताडपत्री ताणली, दोघं आत, आणि पहाटे चारला माझ्या कपाळावर टप्पकन थेंब. भाचा म्हणे मामा पाणी येऊन राहिलं काय. डिसेंबरात कुठचं पाणी बावा, आपलाच श्वास थंड ताडपत्रीला लागून आपल्याच डोक्यावर पडून राहिला होता. ट्रेलरच्या कापडी टोकात रोज हेच होते. त्यातही छतापेक्षा गादीखाली पाहा लागते. पलंगाची फळी बाहेर हवेत, खालून रॉकीजचा गारठा, वरून अंगाची ऊब, मधात गादी. आम्ही पहिलं पूर्ण वर्ष गादी उचलून पाहिलीच नाही. दुसऱ्या वर्षी काकूला वास आला तेव्हा पाहिली तर खालची बाजू काळी ठिपकेदार, वांग्याचं भरीत करायला भाजलं की दिसते तशी. तेव्हापासून गादीखाली चकचकीत फॉइलची शीट टाकतो आणि कितीही थंडी असो, दोन्ही टोकांची झिप चार बोटं उघडी ठेवतो. हीटर चालू आणि खिडकी उघडी, लोक वेडे म्हणतात, म्हणू दे.

आता वजन. आधी सांग, तुझी हायलँडर साधी पेट्रोलची आहे की हायब्रिड? साधीची ओढायची मर्यादा 5000 पाउंड, हायब्रिडची 3500. हायब्रिड गाडीला हायब्रिड ट्रेलर म्हणून खूश झाला असशील तर विषय इथंच संपला. आमचा रिकामा 3900 आहे. टाकीत 30 गॅलन पाणी भरलं की 250 पाउंड तिथंच वाढले, मग गॅसची दोन सिलिंडरं, बॅटरी, खुर्च्या, आणि तुझी आई येते म्हणजे कढई, तवा, मिक्सर, दहा किलो तांदूळ. साडेचार हजाराच्या पार गेला समज. त्याचा दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या मागच्या हूकवर बसते, तो गाडीतल्या सहा माणसांच्या वजनात मिळवायचा. विकणारा फक्त रिकामं वजन सांगतो, त्याच्या तोंडाकडं पाहू नको, दारामागच्या स्टिकरकडं पाहा.

पण ट्रेलर खरा कळते तो परत आल्यावर. रविवारी सकाळी पाऊस, दुपारी जागा खाली करायची, कापड ओलंच आत ढकललं. फळी वर उचलतो त्यावेळी कापडाच्या घडीत साचलेलं पाणी सगळं सोफ्यावर, बादलीनं ओतल्यासारखं. घरी येऊन दार बंद करून बसलास तर संपलं. सोमवारी ऑफिसातून आल्यावर पुन्हा दोन्ही टोकं उघडायची, पंखा लावायचा, कोपरे फडक्यानं पुसायचे, रबराच्या सीलमध्ये बोट घालून पाहायचं. ओला कापूस खोलीत भरला तर काय होते हे दर्यापूरच्या माणसाला सांगायची गरज नाही.

प्रेषक: काकू

हे सगळं बरोबर आहे पण यांनी चांगलं एक अक्षर लिहिलं नाही, असा माल कोणी विकते का? मी सांगते. तिन्ही बाजूंच्या जाळीच्या खिडक्या उघडून झोपलं की लहानपणी उन्हाळ्यात अंगणात बाजेवर झोपायचो तसं वाटते, कडक ट्रेलरात ते नाही, तिथं हॉटेलच्या खोलीत झोपल्यासारखं. पलंग बाहेर गेले की मधली जागा पूर्ण मोकळी, पावसात सहा जण पत्ते खेळत बसतात आणि टेबल मोडून बिछाना करा लागत नाही. पोरं एका टोकाला, आपण दुसऱ्या टोकाला, घोरणं अर्धं ऐकू येते. आणि रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन संडास शोधत जायचं नाही, तुझ्या आईसाठी एवढं एकच कारण पुरे आहे.

फक्त बाबांना कापडी पलंगावर टाकू नकोस. तो कमरेएवढा उंच, चढायला स्टूल लागते, आणि आत झोपलेल्याला बाहेर यायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून. गुडघ्यांचं कारण सांगून घेणार आणि गुडघ्यांवरच चढवणार असं होईल. त्यांना सोफ्यावर झोपव.

प्रेषक: डेन्व्हर

मध्ये बोलतो. बुकिंग करताना नीट वाचा. यलोस्टोनला फिशिंग ब्रिजच्या कॅम्पग्राउंडवर अस्वलांमुळे फक्त कडक भिंतींची वाहनं चालतात, हायब्रिडची कापडी टोकंसुद्धा चालत नाहीत. आम्ही बाहेरून डबा पाहून आपण त्यात बसतो असं धरून चाललो होतो.

प्रेषक: काका

हाव, हे राहिलंच होतं. बॅन्फकडे लेक लुईसला दोन वेगळे भाग आहेत, कापडवाल्यांचा भाग विजेच्या कुंपणाच्या आत. पहिल्यांदा गेलो तं मी हसतच सुटलो, अगदी आपली झटका मशीन! इकडे संत्र्याच्या बागेभोवती लावतो तशीच. बाग आत, डुकरं बाहेर. तिकडे आपण संत्री.

प्रेषक: कॅलगरी

गाडी साधी पेट्रोलची आहे, वजनाचं जमेल, पाणी तिथे पोचल्यावरच भरेन. अडचण वेगळीच आहे आणि ती काकांनी लिहिल्यावर लक्षात आली. आमचं टाउनहाउस आहे, सोसायटीच्या नियमात ट्रेलर दारात उभा करता येत नाही, सामान चढवायला चार तास मिळतात. म्हणजे सोमवारी वाळवायचा कुठे? बाल्कनीत तर साडी वाळत घातली तरी मेल येतो.

प्रेषक: काका

मग विकत घेऊ नको. विकायला निघालेला माणूस सांगून राहिला, ऐक.

एक उन्हाळा तसाच वापर, आई-बाबा येऊन जाऊ दे. यार्डात आमच्या जागेशेजारी रिकामी पट्टी आहे, तिथं उघडून वाळवू देतात, मी तेच करत होतो. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, आणि सोमवारचाच. पाच वेळा केल्यावर तुला आपोआप कळेल घ्यायचा की नाही. किल्ली काकूच्या भाचीकडे आहे. पण आता लगेच जाऊन उघडू नको, उणे वीसमध्ये त्या कापडाचं व्हिनाइल पापडासारखं तडकते. शिनूक, म्हणजे तो डोंगराकडून येणारा गरम वारा, सुटू दे, चार-पाचच्या वर तापमान गेलं की जा. दोन्ही टोकं उघड आणि डोळ्यांनी पाहायच्या आधी नाक लाव.

प्रेषक: कॅलगरी

काल शिनूक होता, अधिक नऊ. गेलो. उजवं टोक स्वच्छ. डावीकडे झिपेच्या खालच्या कोपऱ्यात रुपयाएवढे तीन काळे डाग आहेत. गादीला वास नाही. छपराच्या कडेला एका जागी सील सुटलंय, बोट जातं, फोटो वेगळा पाठवतो. आणि काकू, ओट्याखालच्या कप्प्यात लिंबाच्या लोणच्याची बरणी राहिलीय, सप्टेंबरपासूनची असावी. गोठली होती पण फुटली नाही.

प्रेषक: काका

डाग पाच होते, दोन मी व्हिनेगरनं घासून काढले, बाकीचे तू घास. सीलचं सामान त्याच कप्प्यात मागं आहे, निळी ट्यूब. लोणचं काकू म्हणते ठेवून घे.