अनुभव धागा: महोत्सवात पाहिलेला तो एक खेळ

जानेवारी आला की मी ऑफिसात आठवडाभराची रजा टाकते, ती पिफसाठी, म्हणजे पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी. गावी जायला रजा मिळाली नाही तरी चालेल, ही मिळालीच पाहिजे. कोथरूडच्या सिटी प्राइडबाहेर रांगेत उभ्या उभ्या पोळीभाजी खाल्ली आहे, दोन खेळांच्या मध्ये रिक्षा पकडून लॉ कॉलेज रस्त्यावरचं फिल्म अर्काइव्ह गाठलं आहे. यातले कितीतरी चित्रपट नंतर कुठेच लागत नाहीत. एका जॉर्जियन चित्रपटाचं नावही मला आता आठवत नाही, पण त्यातली म्हातारी विकलेल्या घराची किल्ली फडक्यानं पुसून नव्या मालकाच्या हातावर ठेवते, ते अजून डोळ्यांसमोर आहे. दिवे लागले तरी शेजारच्या अनोळखी बाई आणि मी, दोघी बसूनच राहिलो.

तुमचाही असा एखादा खेळ असेल. समीक्षा नको. कुठे, कोणाबरोबर, काय झालं, ते लिहा.

कोल्हापूरहून

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ साली गोव्यात आला आणि आमच्यासारख्यांची सोय झाली. दिल्ली खिशाला झेपत नव्हती. पणजी म्हणजे एसटीनं आंबोलीचा घाट उतरला की आलीच. आम्ही तिघे मित्र नोव्हेंबरात मांडवीपलीकडे बेतीला एक खोली घ्यायचो आणि सकाळच्या फेरीबोटीनं पणजीत उतरायचो. आयनॉक्स, त्याला लागून मॅकिनेझ पॅलेस आणि कांपालची कला अकादमी, ही आमची त्रिस्थळी यात्रा. सुरुवातीला दिवसाला पाच-पाच चित्रपट बघायचो. तिसऱ्या दिवशी कोणत्या चित्रपटातला मुलगा कोणाचा, काही कळेनासं व्हायचं. नवीन जाणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, तीनच बघा, आणि मधल्या वेळात मांडवीकाठी बसा.

आमच्यातला एक जण कोरोनात गेला. त्यानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीनं तीन जागा धरल्या आणि मधल्या खुर्चीवर कॅटलॉग ठेवला. काळोख व्हायच्या बेतात एक पोरगा वाकून म्हणाला, "काका, इथं कोण हाय काय?" मित्रानं माझ्याकडं बघितलं. मी कॅटलॉग उचलून मांडीवर घेतला. पोरगा मिरजेचा निघाला. आता खोलीला परत तिघांचं भाडं पडतं.

पणजीहून

बेतीची फेरी वाचून बरं वाटलं, मी रोज तिनंच येते. एक सांगते, ऑनलाइन सगळी तिकिटं संपलेली दिसली म्हणून परत फिरू नका. बुकिंग करून न आलेल्यांच्या जागा रांगेतल्यांना देतात. अर्धा-पाऊण तास आधी जाऊन उभं राहायचं. माझे सगळ्यांत आवडते दोन चित्रपट मला असेच मिळाले.

मुंबईहून

कॉलेजात असताना एका महोत्सवात मी सबटायटल चालवायचं काम केलं. चित्रपटावरच इंग्रजी ओळी नसल्या की पडद्याखाली वेगळी पट्टी लावतात आणि मागे लॅपटॉपवर बसलेला माणूस एकेक ओळ कळ दाबून सोडतो. त्या दिवशी इराणी चित्रपट होता. आम्हाला आलेली संवादांची यादी आधीच्या संकलनाची होती, नंतर त्यातला एक प्रसंग कापलेला. पंचविसाव्या मिनिटाला पडद्यावर भाऊ-भाऊ भांडत होते आणि खाली लग्नाच्या खरेदीच्या ओळी. मला फारसी येत नाही. हात गार पडले. मी पट्टी कोरी ठेवली आणि नुसता कान लावला. एवढ्यात थोरला भाऊ "बाजार" म्हणाला. आपलाच शब्द! यादीत पुढे जिथे बाजार होता तिथे उडी मारली आणि पुढच्या दोन ओळींत संवाद जुळला. पंधराएक सेकंदच गेले असतील. त्यानंतर शेवटपर्यंत मी पडद्यावरच्या माणसांचे ओठ बघत होते, चित्रपट असा पाहिलाच नाही.

नाशिकहून

मुंबईच्या ताई, तुम्हाला मुद्दाम लिहितो आहे. मला लहानपणापासून कमी ऐकू येतं. थिएटरात लागलेला मराठी चित्रपट मी शेजाऱ्याला विचारत विचारत बघायचो. महोत्सवात मराठी चित्रपटालाही सबटायटल असतात, हे मला इफ्फीच्या इंडियन पॅनोरमात, म्हणजे भारतीय चित्रपटांच्या विभागात कळलं. सगळं प्रेक्षागृह हसलं, तेव्हाच मीही हसलो. त्याआधी नेहमी लोकांचे चेहरे बघून मागाहून हसायचो. तेव्हा माझं वय ४१ होतं.

बर्लिनहून

फेब्रुवारी २०१४. बर्लिनाले या इथल्या चित्रपट महोत्सवाच्या लहान मुलांच्या विभागात 'किल्ला' हा मराठी चित्रपट होता. लेक आठ वर्षांची, इथेच वाढलेली. आम्ही मराठीत विचारायचो, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. त्या विभागात पोरांना ओळी वाचाव्या लागू नयेत म्हणून प्रेक्षागृहातच एक जण माइकवरून जर्मन संवाद वाचत जातो. मूळ आवाज त्याखाली चालूच असतो. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत कोकणातला पाऊस, आणि चित्रपटातल्या बंड्याच्या थापांवर एका बाईंचा शांत जर्मन आवाज. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, लेक बाकीच्या पोरांच्या आधी हसते आहे. जर्मन वाक्य यायच्या आत तिला मराठी कळलेलं असायचं. मागच्या रांगेतल्या एका मुलीनं तिला विचारलं, तुला आधीच कसं कळतं? लेक म्हणाली, ही माझी भाषा आहे. हे तिनं जर्मनमध्येच सांगितलं. पण माझी म्हणाली.

मुलांच्याच ज्युरीनं त्या वर्षी 'किल्ला'ला क्रिस्टल बेअर हा पुरस्कार दिला. महाराष्ट्रात तो २०१५ च्या जूनमध्ये लागला, तेव्हा रत्नागिरीत आईनं बघितला आणि रात्री फोन केला. लेकीनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि आजीला सगळी गोष्ट मराठीत सांगितली, आजीनं नुकतीच बघितलेली असूनही.

ठाण्याहून

माझा अनुभव माझा नाही, बाबांचा आहे. १९५२ साली मुंबईत देशातला पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला तेव्हा ते गिरगावात राहायचे आणि बावीस वर्षांचे होते. तिथे त्यांनी 'बायसिकल थीव्हज' हा इटालियन चित्रपट पाहिला. पुढे विस्मरण झालं, नातवंडांची नावं गेली, तरी तो शेवट राहिला. चोरी करताना पकडलेला बाप गर्दीतून रडत चालतो आणि पोरगा त्याचा हात धरतो. शब्द सापडत नसत, म्हणून बाबा ते सांगायला लागले की माझा हात धरायचे.